ओढ्याकाठचे तीन गुंठे : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

आजपासून ही वही सुरू. मळा मामांचा. पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. एकूण बावीस गुंठे, त्यातले ओढ्याला अगदी लागून असलेले तीन गुंठे एवढाच माझ्या कामाचा आवाका. या तुकड्याला गेली वीसेक वर्षं ओढ्याचंच पाणी मिळतंय, कारण ते उन्हाळ्यातही आटत नाही. ओढ्याच्या वरच्या बाजूला प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याची, छोटी वर्कशॉपं आहेत. भंगार बॅटऱ्या फोडण्याची एक जागाही होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. मामी सांगतात की पूर्वी काही दिवस पाणी निळसर यायचं आणि त्या दिवशी मोटर बंद ठेवायची, एवढी खबरदारी घरचे घ्यायचे.

मामांचा प्रश्न सरळ आहे. "खालच्या तुकड्यात पालक पिवळा पडतो, जुडी भरत नाही. तू मातीचं शिकलीस, काहीतरी सांग." माझा प्रश्न वेगळा आहे: त्या पालकात काय जातंय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच निघेल असं मामांना वाटतं. मला तशी खात्री नाही, म्हणून ही वही.

१४ नोव्हेंबर

मातीचे नमुने घेतले. नागमोडी चालत बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीस सेंटिमीटर खोल खड्डे, कडेची माती खुरप्याने वरपासून खालपर्यंत तासून प्लॅस्टिकच्या टबात. मामांनी लोखंडी घमेलं पुढे केलं होतं, ते नको म्हटलं; जुनं, गंजलेलं, एकेकाळी रंग कालवलेलं. ढेकळं फोडून, सावलीत पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत अर्धा किलोवर आणली. तुलनेसाठी वरच्या तुकड्यातूनही असाच एक नमुना घेतला, तिथे कायम पाटाचं पाणी असतं.

खालच्या मातीला वाफसा लवकर येत नाही. पावलाला चिकटते, वर पांढुरकी झाक आहे. हे नोंदवून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

२ डिसेंबर

माती परीक्षणाचा अहवाल आला. खालच्या तुकड्याचा सामू (पीएच) ८.१, चुनखडी भरपूर, चिकणमातीचं प्रमाण जास्त. सेंद्रिय कर्ब कमी. उपलब्ध जस्त महाराष्ट्रात कमतरतेची रेघ म्हणून धरल्या जाणाऱ्या ०.६ मिलीग्रॅम प्रति किलोच्या जेमतेम वर. कॅडमियम आणि शिसं दोन्ही वरच्या तुकड्यापेक्षा स्पष्टपणे जास्त. क्रोमियमही जास्त.

इथे थांबून विचार करावा लागला. जड धातूंनी बिघडलेल्या जमिनीवर जे काही वाचायला मिळतं, त्यात पहिला उपाय चुना हाच असतो. आम्लधर्मी मातीत कॅडमियम, शिसं, निकेल मोकळे होतात. चुना टाकून सामू साडेसहा-सातवर नेला की ते मातीच्या कणांना घट्ट धरले जातात. कोकणातल्या जांभ्या मातीला हा सल्ला लागू पडेल. आपल्या काळ्या मातीचा सामू आधीच आठ. इथे चुना टाकून काहीही मिळणार नाही, उलट जस्त आणि लोह आणखी अडकून पडतील. आपल्या मातीने चुन्याचं काम स्वतःच केलेलं आहे, आणि तरीही पालक पिवळा आहे. म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायचा.

क्रोमियमचं गणित तर उलटंच. त्याचं सहासंयुजी रूप ऋणभारित असतं, त्यामुळे चिकणमाती त्याला धरत नाही आणि अल्कधर्मी मातीत ते जास्त फिरतं. त्याला तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुजी रूपात आणायचं तर सेंद्रिय पदार्थ हवेत. म्हणजे कर्ब वाढवणं हे एक काम तरी निर्विवाद आहे.

५ डिसेंबर

खत कुठलं, यावरच दिवस गेला. शहराचं कंपोस्ट जवळजवळ फुकट मिळतंय. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची कमाल मर्यादा किलोला ५ मिलीग्रॅम आणि शिशाची १०० मिलीग्रॅम आहे. मर्यादेत बसणारं कंपोस्टही आपल्या मातीत असलेल्यापेक्षा जास्त कॅडमियम घेऊन येऊ शकतं. ज्या तुकड्यातून धातू कमी करायचा, त्यात तो ट्रॉलीने आणून टाकायचा नाही.

मग घरचं शेणखत? मामांच्या दोन गाई ओढ्याकाठचं गवत खातात. मामींच्या हे लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं. शेवटी गावाच्या वरच्या अंगाच्या एका गोठ्यातल्या शेणाचं गांडूळखत आणलं आणि त्याचा नमुनाही तपासायला टाकला.

८ डिसेंबर

कुंड्या भरल्या. चोवीस कुंड्या, प्रत्येकी दहा किलो माती, सगळी खालच्या तुकड्यातली, वाळवून चाळलेली. प्रत्येक कुंडीखाली ताट, झिरपलेलं पाणी परत त्याच कुंडीत ओतायचं. सहा प्रकार, प्रत्येकाच्या चार कुंड्या:

अ – नुसती माती. आ – अर्धा किलो गांडूळखत. इ – दोनशे ग्रॅम बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा. ई – झिंक सल्फेट. उ – गांडूळखत आणि झिंक सल्फेट दोन्ही. ऊ – नुसती माती, पण पिकावर पुढे रोपाची सहनशक्ती वाढवणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाची फवारणी.

बायोचार मामांनी तुराट्यांचा केला. पत्र्याच्या ड्रममध्ये वरून पेटवून, ज्वाळा ओसरल्यावर पाणी मारून. दोन ड्रम तुराट्यांचा जेमतेम एक पाटी कोळसा निघाला. झिंक सल्फेट एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवून प्रत्येक कुंडीला शंभर मिलिलिटर. शेताच्या नेहमीच्या हेक्टरी २० किलोच्या मात्रेची ही साधारण दुप्पट होते. कुंडीत मुळं कोंडलेली असतात म्हणून.

जस्त का, हे मामांना सांगितलं ते इथेही लिहिते. कॅडमियम पिकाला नको असतो. त्याच्यासाठी मुळांत दार नाही. पण तो जस्त, लोह आणि मँगनीज यांच्या दारांतून आत शिरतो, कारण रासायनिकदृष्ट्या तो जस्ताच्याच कुळातला आहे. दारात जस्ताची गर्दी असेल तर कॅडमियमला वाट कमी मिळते. जस्त कमी असेल तर दारं सताड उघडी राहतात आणि जे येईल ते आत जातं. चुनखडीच्या काळ्या मातीत जस्ताची कमतरता सर्रास असते. आपल्याकडे या प्रश्नाची गाठ बहुधा इथेच आहे.

खत मातीत मुरायला पंधरा दिवस द्यायचे. मग पेरणी.

२४ डिसेंबर

पालक पेरला. कुंडीला पंधरा बिया, उगवल्यावर विरळून आठ ठेवायच्या. पाणी फक्त पाटाचं, ड्रममध्ये साठवलेलं.

२६ डिसेंबर

पाण्याबद्दल मामांशी लांब बोलणं झालं. ओढ्याचं पाणी बंद करायचं, यावर ते आधीच राजी होते. त्यांना वाटलं, विहिरीचं घेऊ, ते स्वच्छ आहे. काल विहिरीचं पाणी तपासलं. धातू नगण्य, पण ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) २.४ आणि क्लोराइड बरंच. चवीलाही मचूळ.

इथे एक अडचण आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. क्लोराइड कॅडमियमला मातीच्या कणांवरून सोडवून पाण्यात ठेवतं. दोघांची जोडी जमते आणि ती जोडी मुळांपर्यंत सहज पोचते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या शेतांमध्ये १९९०च्या दशकात हे दिसलं होतं: मातीत कॅडमियम किती आहे त्यापेक्षा मातीत क्लोराइड किती आहे, यावर बटाट्यातलं कॅडमियम जास्त ठरत होतं. म्हणजे ओढ्याचं पाणी सोडून मचूळ विहिरीचं दिलं, तर नवा धातू येणं थांबेल, पण जुना जास्त हलेल. त्या तुकड्यावरची पांढुरकी झाक आता वेगळी वाटते.

पाटाचं पाणी म्हणजे खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं आवर्तन, ते आपल्या हातात नाही. ठरलं असं: विहिरीवर फक्त दोन आवर्तनांच्या मधली निकड भागवायची, आणि पाट आला की एक भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकलायचे. त्यासाठी तुकड्याच्या कडेने निचऱ्याचा चर हवा. मामा म्हणाले, चर मी खणतो.

३ जानेवारी २०२५

उगवण झाली. सगळ्या कुंड्यांत सारखीच, फक्त बायोचारच्या कुंड्या दोन दिवस आधी उगवल्या, काळा रंग ऊन धरतो म्हणून असावं.

१९ जानेवारी

अ आणि ऊ कुंड्यांत नवीन पानं केवडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मामांचा तक्रारीचा पालक कुंडीत जसाच्या तसा उगवलाय.

कॅडमियमने पानं पिवळी पडतात आणि चुनखडीत लोह न मिळाल्यानेही पडतात, दिसायला दोन्ही सारखंच. चोवीसांखेरीज एक जास्तीची कुंडी ठेवली होती. तिच्यातल्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर फेरस सल्फेटचं अर्धा टक्का द्रावण कापसाने लावलं. शेजारची पानं तशीच ठेवली.

२३ जानेवारी

लावलेला अर्धा भाग हिरवा झाला, उरलेला पिवळाच. म्हणजे रोप लोहासाठी भुकेलं आहे. पण याचा अर्थ कॅडमियमचा संबंध नाही असा होत नाही. लोहाची भूक लागलेलं रोप मुळांतली लोहाची दारं वाढवतं, आणि कॅडमियम नेमका त्याच दारांतून घुसतो. पिवळेपणा आणि विष ही एकाच घटनेची दोन टोकं असू शकतात.

ऊ कुंड्यांवर पहिली फवारणी केली. सॅलिसिलिक आम्ल लिटरला ७० मिलीग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. आठवड्याने दुसरी.

३० जानेवारी

पहिली कापणी. आज जे पाहिलं ते सविस्तर लिहायला हवं.

ऊ कुंड्या उठून दिसतात. फवारणीनंतर पानं गडद हिरवी, रुंद, चकचकीत झाली आहेत. वजनालाही अ पेक्षा भारी. मामांनी एक जुडी हातात धरली आणि म्हणाले, "बघ, हे औषध सांग मला. असला पालक यार्डात पहिल्या बोलीत जाईल." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. तो मोडायला मला नको वाटत होतं, पण तपासणीआधी हो म्हणणंही शक्य नव्हतं.

रोपाचं सहन करणं म्हणजे नेमकं काय होतं, ते असं. धातू आत आला की पेशीत घातक ऑक्सिजनरूपं तयार होतात, हरितद्रव्य मोडतं, मुळांची वाढ खुंटते. रोप दोन तऱ्हांनी उत्तर देतं. एक, विकरांची (एन्झाइमांची) फौज वाढवून ती ऑक्सिजनरूपं निकामी करतं. सॅलिसिलिक आम्लाची फवारणी मुख्यतः याला बळ देते. दुसरं, ग्लुटाथायोन या पेशीतल्याच गंधकयुक्त पदार्थापासून छोट्या साखळ्या बनवतं, त्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. १९८५ साली जर्मनीत त्यांची ओळख पटली. या साखळ्यांतलं गंधक धातूला पकडतं आणि ती जोडी पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, नेऊन कोंडली जाते. तिथे तो धातू रोपाचं काही बिघडवू शकत नाही. रोप वाचतं, हिरवं राहतं, वाढतं.

पण ती रिक्तिका पानात आहे, आणि पालकाचं पानच आपण खातो. रोपाने स्वतःला वाचवायला जिथे विष ठेवलं, ती जागा नेमकी आपल्या ताटात येते. म्हणून पिवळा पालक मला एका अर्थी कमी धोक्याचा वाटतो. तो निदान दिसतो, आणि बाजारात कोणी घेत नाही.

२ फेब्रुवारी

मोठी चूक झाली, नोंदवते. वाळवलेली पानं मामींच्या मिक्सरमध्ये दळली. चोवीसांपैकी नऊ नमुने झाल्यावर लक्षात आलं की भांडं आणि पातं स्टेनलेस स्टीलचं, म्हणजे क्रोमियम आणि निकेलचं. घासून निघालेला कण नमुन्यात गेला तर तो पालकाचा क्रोमियम म्हणून मोजला जाईल. ते नऊ नमुने क्रोमियमसाठी बाद. कॅडमियम आणि शिशासाठी ठेवले. उरलेले पंधरा चिनीमातीच्या खलात कुटले, हात भरून आले.

पुढच्या कापणीला सगळे खलातच.

९ फेब्रुवारी

शिशासाठी वेगळा छोटा प्रयोग. रस्त्याकडेच्या वाफ्यातल्या पालकाची एक जुडी तीन भागांत केली: एक न धुता, एक नळाखाली दोनदा चोळून, एक व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून मग धुतलेली. तिन्ही वाळवून पाठवल्या.

शिसं मुळांतून पानापर्यंत फारसं चढत नाही. मुळांच्या सालीत अडकून राहतं. पालेभाजीतलं शिसं बहुतेक वेळा बाहेरून बसलेलं असतं, धुळीतून आणि पावसाने उडालेल्या मातीच्या थेंबांतून. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं, पण त्याआधी रस्त्याकडेला पडलेलं शिसं मातीतून कुठे गेलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

दुसरी कापणी. ऊ मधला फरक थोडा कमी झाला. उ कुंड्यांनी आता त्यांना गाठलं, पिवळेपणा जवळजवळ नाही. इ मध्यम.

१७ मार्च

अहवाल आले. वाचताना पहिल्यांदा छातीत धस्स झालं, कारण आकडे कोरड्या वजनावर होते. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ताज्या वजनावर असते: पालेभाजीत कॅडमियम किलोला ०.२ मिलीग्रॅम, शिसं ०.३. समजा कोरड्यावर १.६ आलं, तर ताज्यावर ते ०.१५ च्या आसपास बसतं, आठपट जास्त नव्हे. प्रत्येक कुंडीचं ताजं आणि कोरडं वजन वहीत होतं म्हणून नीट गणित करता आलं. हे कोणी वाचत असेल तर ही एक गोष्ट नक्की करा: कापल्याबरोबर वजन लिहा.

कॅडमियमचं चित्र, ताज्या वजनावर, दोन्ही कापण्या मिळून:

अ च्या चारही कुंड्या ०.२ च्या वर. उ च्या चारही खाली. आ च्या तीन खाली, एक किंचित वर. इ च्या दोन खाली, दोन वर. ई, म्हणजे नुसतं जस्त, मला वाटलं होतं तेवढं चाललं नाही, दोन-दोन. गांडूळखताशिवाय टाकलेलं जस्त चुनखडीने लगेच अडकवलं असणार. खताबरोबर ते टिकलं.

आणि ऊ. तीन कुंड्या मर्यादेच्या वर, एक अगदी रेघेवर. किलोमागचं प्रमाण अ पेक्षा थोडं कमी दिसतं, पण ते पान वाढल्यामुळे पातळ झालेलं आहे. कुंडीतून पानांत गेलेला एकूण कॅडमियम काढला तर ऊ सगळ्यांत जास्त. फवारणीने रोपाला बळ दिलं आणि त्या बळावर रोपाने जास्त धातू वर आणून ठेवला.

चार कुंड्यांवरून मोठा दावा करता येत नाही हे मला कळतं. पण ऊ ची दिशा इतकी सरळ आहे की मामांच्या शेतात ही फवारणी करायची नाही, एवढा निर्णय त्यावर घ्यायला मी तयार आहे.

धुण्याचा निकालही आला. चोळून धुतल्यावर शिसं बरंच उतरलं, व्हिनेगरने आणखी थोडं. कॅडमियम तिन्हीत जवळपास तेवढाच. तो आत आहे, धुऊन जाणार नाही.

१८ मार्च

मामांना संध्याकाळी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण विकलेला?"

यावर मी काही गोड बोलले नाही. जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं: एका जुडीने काही होत नाही, कॅडमियम मूत्रपिंडात साठतो आणि वर्षानुवर्षं राहतो, म्हणून रोज तेच खाणाऱ्याला धोका जास्त, आणि आपल्या पालकाचं रोजचं गिऱ्हाईक पहिलं म्हणजे आपलं घर. मामी आत जाऊन कोथिंबिरीचा वाफा कुठल्या तुकड्यात आहे ते विचारायला परत आल्या. खालच्याच.

जपानची गोष्ट सांगितली. जिन्झू नदीच्या काठी, तोयामा प्रांतात, वरच्या कामिओका खाणीतून कॅडमियम पाण्यात यायचा आणि भातखाचरांत बसायचा. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयातल्या बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की लोक त्या दुखण्याला 'इताई-इताई' म्हणू लागले, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला आजार असल्याचं मान्य केलं. खाचरांवरची माती बदलण्याचं काम १९७९ साली सुरू झालं आणि २०१२ मध्ये पूर्ण झालं. तेहतीस वर्षं.

मामांनी लगेच हिशेब मांडला: आपल्या तीन गुंठ्यांवरची वीतभर माती काढली तर साठेक घनमीटर, म्हणजे वीस ट्रॉल्या. वीस ट्रॉल्या चांगली माती आणायची कुठून, आणि त्याहून अवघड, काढलेली टाकायची कुणाच्या दारात? तो विषय तिथेच थांबला.

२६ मार्च

मोहरी किंवा सूर्यफूल लावून जमिनीतला धातू पिकाकरवी काढून घ्यायचा, असं शेजारच्या मळ्यातल्या एका तरुणाने सुचवलं. मोहरीवर असं काम झालेलं आहे हे खरं. पण चुनखडीच्या मातीत धातू इतका धरलेला असतो की एका पिकामागे अगदी थोडा निघतो, दशकं लागतील. आणि निघालेलं पीक गुरांना घालता येत नाही, खतात टाकता येत नाही, जाळलं तर राखेत सगळं परत. धातू मोकळा करायला इडीटीए हे धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन घालण्याचा प्रकारही आहे. विहीर पन्नास पावलांवर असताना ते मनातही आणायचं नाही.

२ एप्रिल

दिशा बदलली. इतके दिवस पालकाला या मातीत कसं जगवायचं, याभोवती काम फिरत होतं. आता असं: या मातीत जे पीक धातू खाण्याच्या भागापर्यंत नेत नाही, तेच लावायचं, आणि माती दरवर्षी थोडी थोडी सुधारत राहायचं.

पालक, चुका, माठ, मेथी, कोथिंबीर, मुळा वरच्या तुकड्यात. पानात कॅडमियम सगळ्यांत जास्त चढतो. मुळा जमिनीतच वाढतो आणि मातीसकट येतो. शेंगा मात्र कमी घेतात, म्हणून खालच्या अर्ध्या भागात गवार आणि एका सरीत भेंडी. फळभाजीची कोडेक्सची मर्यादा पालेभाजीपेक्षा कडक आहे, ०.०५, आणि शेंगभाजीची ०.१. म्हणून फळ आहे म्हणजे बिनधास्त, असं नाही, तपासूनच विकायचं.

गांडूळखत आणि झिंक सल्फेट एकत्र मिसळून आठवडाभर ढिगात ठेवलं आणि मग सरीत दिलं. फॉस्फेट खत निम्म्यावर आणलं: अहवालात स्फुरद भरपूर आहेच, जास्तीचा स्फुरद जस्ताला बांधतो, आणि खनिज फॉस्फेटबरोबर थोडा कॅडमियमही येतो.

२० एप्रिल

चर पूर्ण झाला. मामांनी एकट्याने खणला, गुडघाभर खोल, ओढ्याकडे उतार. पाटाचं पाणी आलं त्या रात्री भरपूर भिजवलं. सकाळी चरात मचूळ पाणी साचलं होतं.

११ मे

गवारीचा पहिला तोडा. नमुना पाठवला, माल विकला नाही. मामांनी स्वतःहून बाजूला ठेवला.

४ जून

गवार मर्यादेच्या बरीच खाली. भेंडीही खाली, पण गवारीइतकी सैल नाही. पुढच्या तोड्याला परत तपासणार. आता गवार विकता येईल.

वांग्यावर अडलं होतं. मामांचं खरं हुकमी पीक वांगं, आणि फळभाज्यांत वांगं कॅडमियम जास्त घेणाऱ्यांपैकी. वाचताना एक गोष्ट सापडली आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की सोलॅनम टॉर्वम या रानटी जातीच्या खुंटावर वांग्याचं कलम केलं तर फळातलं कॅडमियम खूपच कमी होतं. त्या खुंटाची मुळं धातू फारसा वर चढू देत नाहीत. हाच खुंट आपल्याकडे मर रोगासाठी कलमी वांग्यात वापरतात. म्हणजे रोप मिळण्यासारखं आहे, शोध लावायचा नाही, फक्त वेगळ्या कारणासाठी मागवायचं आहे. सहन करायला शिकवण्यापेक्षा दारातच अडवणं, हेच मला पहिल्यापासून हवं होतं.

१९ जून

पाऊस. खालच्या सरीत उसाचं पाचट वीतभर पसरलं. थेंबांनी उडणारी माती पानाफळांवर बसू नये म्हणून. पाचट वरच्या गावातलं, ओढ्याकाठच्या फडातलं नाही. हे आता मामा स्वतः विचारून घेतात.

१२ जुलै

तुकड्याची मांडणी आज पूर्ण झाली. ओढ्याला अगदी लागून एक गुंठा झेंडू, दसऱ्याला निघेल असा. त्या पट्ट्यात खाण्याचं काहीच नाही. मधल्या गुंठ्यात गवार आणि भेंडी. वरच्या गुंठ्यात कलमी वांग्याची चाळीस रोपं, आणि त्यांच्या शेजारी साध्या वांग्याची दहा, तुलनेसाठी. दहांची फळं विकायची नाहीत, घरीही आणायची नाहीत. त्या सरीच्या दोन्ही टोकांना लाल फडकी बांधली.

मामींची कोथिंबीर वर हलली. खालच्या वाफ्याचं उरलेलं कोथिंबिरीचं बी त्यांनी वेगळ्या डब्यात घालून वर चिठ्ठी लावली आहे: "विचारून पेरणे."

मुसळधार पावसानंतरच्या मातीचा नमुना घेतला, पिशवी क्रमांक ४१. सोमवारी प्रयोगशाळेत पोचवायची. सोबत चरातल्या पाण्याची बाटली.